गुटगुटीत पिल्लू, सैल खुबा

आमचा पहिला लॅब्रॅडॉर घरी आला तेव्हा फक्त ३५ दिवसांचा होता. वेतातली सगळी पिल्लं समोर ठेवल्यावर आम्ही त्यातलं सर्वांत गोल आणि गुटगुटीत पिल्लू उचललं. घरी त्याला दूध-पोळी सुरू केली, आणि हाडं मजबूत व्हावीत म्हणून वरून कॅल्शियमचं सिरप. आठव्या महिन्यात तो बसल्यावर उठताना कण्हू लागला. एक्स-रेत दोन्ही खुबे सैल निघाले. आमच्या हातून काय काय चुकलं हे मला नंतर हळूहळू कळत गेलं. त्याच चुका आजही घरोघरी होताना दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

खुबा हा उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मांडीच्या हाडाचं गोल टोक कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतं. पिल्लू जन्मतं तेव्हा या भागात बरीचशी मऊ कूर्चा असते. गोल टोक उखळीत घट्ट बसलं तर त्याच्या दाबाने उखळ खोल आणि नीट घडते. सांधा सैल राहिला तर उखळ उथळ राहते, टोक आतल्या आत घसरत राहतं आणि पुढे संधिवात होतो. हा सैलपणा आईबापांकडून येतो, आणि तोही एका जनुकातून नाही, अनेक जनुकांतून. म्हणून दोन महिन्यांचं पिल्लू कितीही उड्या मारत असलं तरी त्याच्या खुब्यांचं भविष्य त्याच्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी आईबापांचे खुबे पाहावे लागतात. ब्रिटनमध्ये पैदाशीच्या कुत्र्यांच्या एक्स-रेला गुण देतात, एका खुब्याला ० ते ५३, म्हणजे दोन्ही मिळून जास्तीत जास्त १०६. गुण जितके कमी तितका खुबा चांगला. आपल्याकडे असे एक्स-रे काढून ठेवणारे ब्रीडर कमी आहेत, तरी विचाराच. उत्तर काय मिळतं यावरूनही माणूस कळतो.

केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद मिळाला की पिल्लू निरोगी, असं बरेच जण धरून चालतात. तो कागद वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. पण वंशावळ नीट वाचली तर कामाची असते. आईकडे आणि बापाकडे तेच तेच नाव पुन्हा आलं असेल, तर जवळच्या नात्यात पैदास झाली आहे. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्यांच्या पडद्याची हळूहळू झीज करून आंधळं करणारा एक आनुवंशिक आजार आहे. त्याचं सदोष जनुक एकच असलं तर कुत्र्याला काही होत नाही. पण आईबाप दोघांकडेही ते असलं, आणि जवळच्या नात्यातल्या पैदाशीत तसं होण्याची शक्यता जास्त, तर प्रत्येक पिल्लू आंधळं होण्याची शक्यता चारात एक असते. हे सदोष जनुक डीएनए तपासणीत आधीच सापडतं.

वयाबद्दल मी फार आग्रही आहे. ३५ दिवसांचं पिल्लू विकणं हे २०१७ च्या श्वानपैदास नियमांच्या विरुद्ध आहे, किमान वय आठ आठवडे हवं. आई आणि भावंडांबरोबर खेळताना चावा किती जोरात घ्यायचा नाही हे पिल्लू याच दिवसांत शिकतं. पिल्लू पाहायला जाल तेव्हा आई दाखवायला सांगा. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू न घेता परत या.

आता खाण्याकडे वळू. लहान बाळाला मुडदूस होऊ नये म्हणून आपण कोवळ्या उन्हात नेतो. पिल्लालाही तसंच उन्हात बसवलं की झालं, असं मला वाटायचं. पण कुत्र्याच्या त्वचेत उन्हाने पुरेसं ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. नुसत्या दूध-पोळीत ते जवळजवळ नसतंच. शिवाय दूध सुटल्यावर पिल्लाची दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते, त्यामुळे पुष्कळांना जुलाब होतात. नुसतं उकडलेलं चिकन आणि भात दिला तर उलट अडचण येते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य, मग शरीर ते कॅल्शियम पिल्लाच्या हाडांतून ओढून घेतं.

मग सिरप द्यायला काय हरकत? हरकत मोठी आहे. पूर्ण वाढलेला कुत्रा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवू शकतो, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्त कॅल्शियमचं अन्न दिलं, तेव्हा त्यांच्या हाडांची वाढ बिघडली. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं पूर्ण पिल्लू-खाद्य द्यायचं आणि त्यावर कॅल्शियम घालायचं नाही. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून मापासकट पाककृती लिहून घ्या. भात-पोळी कुत्र्याला मुळात वर्ज्य नाही. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, माणसाच्या सोबतीने राहताना त्याने ते कमावलं आहे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट मात्र अजिबात नको.

सगळ्यात जास्त माझ्या मनात राहिला तो अमेरिकेतला लॅब्रॅडॉरवरचा एक प्रयोग. ४८ पिल्लांच्या भावंडांतल्याच जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे जिथवर जगले ते वय, १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. पाच वर्षांच्या वयात भरपूर खाणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या खुब्यांत संधिवात दिसत होता, कमी खाणाऱ्यांत १३ टक्के. म्हणजे पालक तेच, पण ताट वेगळं. आमच्या गुटगुटीत पिल्लाचा खुबा काही प्रमाणात जनुकांनी बिघडवला असेल, बाकीचा आम्ही वाढला.

लॅब्रॅडॉरचे डोळे सतत ‘दे ना’ म्हणत असतात, त्यालाही कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की सुमारे चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पोट भरल्याची खूण मेंदूला देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. अशा कुत्र्याला दोन जेवणांच्या मध्ये खरोखर भूक लागते. तो लबाडी करत नाही, हे कळल्यापासून मला त्याला नाही म्हणताना राग येत नाही, वाईट वाटतं. तरी नाहीच म्हणावं लागतं. चौथ्या महिन्यापर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे तीन, सहा महिन्यांनंतर दोन वेळा, दर वेळी वाटीने मोजून.

आमची आताची कुत्री दहा आठवड्यांची आली. लिफ्ट बंद असली की तिला उचलून न्यायचं, कारण तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांनी जिने चढ-उतार केल्यास खुबे बिघडण्याची शक्यता वाढते, असं नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलं आहे. दर रविवारी तिला कडेवर घेऊन मी वजनकाट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते. मग तिच्या बरगड्यांवरून बोटं फिरवते. आपल्या हाताचा पंजा पालथा ठेवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं की हाडं जशी लागतात, तशाच तिच्या बरगड्या लागायला हव्यात. त्या लागेनाशा झाल्या की त्या आठवड्यात वाटी थोडी कमी भरते.