कोल्हापूर मिशन

कोल्हापूर मिशन : अमेरिकन प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मिशनने कोल्हापूर आणि भोवतालच्या मुलखात उभी केलेली शिक्षण व रुग्णसेवेची चळवळ. पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज, रत्नागिरी अशी तिची ठाणी होती.

रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्या वेळी इथे ना रेल्वे होती, ना गिरणी. परक्या धर्माचा प्रचारक म्हणून त्यांना विरोधही झाला. वाइल्डर यांनी शाळांचा मार्ग धरला. ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने त्यांना पाठवले होते, त्याच्या धुरिणांना मात्र शाळांपेक्षा उपदेश महत्त्वाचा वाटे. मतभेद इतके वाढले की वाइल्डर बोर्डातून बाहेर पडले आणि स्वतःच्या हिमतीवर काम चालवू लागले. 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळाने हे काम आपल्याकडे घेतले. बोर्डाशी मतभेद झाले तेव्हा वाइल्डर शाळांचा आग्रह सोडून मोकळे झाले असते, तर कोल्हापूरचेच नुकसान झाले असते. 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढे विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकार्याकडे वळवणाऱ्या अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा एक प्रवर्तक झाला.

1891 मध्ये रेल्वे आली, 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसली, 1906 मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. मागाहून उद्यमनगरात फौंड्र्यांच्या भट्ट्या पेटल्या. कामासाठी माणसे येऊ लागली तशी दवाखान्याची निकडही वाढली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत उभारलेले रुग्णालय सर्वपरिचित आहे. कोल्हापुरातील रुग्णालयाला त्यांच्या पत्नी मेरी यांचे नाव आहे. बाहेरगावच्या पेशंटच्या नातेवाइकांनी स्टँडवर रिक्षावाल्याला ‘मेरी वॉनलेस’ एवढे सांगितले तरी पुरते. एस्थर पॅटन या मिशनरी बाईंचे नावही असेच एका शाळेच्या रूपाने टिकून आहे. मिशनचा इतिहास सांगताना पुरुषांचीच नावे आधी येतात. गावाच्या रोजच्या बोलण्यात मात्र या दोन बायका आहेत.

राजर्षी शाहूंच्या काळात जातीजमातींसाठी जी वसतिगृहे निघाली, त्यांत भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते. मिशनच्या कामाकडे संस्थान परकेपणाने पाहत नव्हते, हे त्यावरून कळते.

पुढे कारभार इथल्याच ख्रिस्ती मंडळींकडे आला. 1970 मध्ये अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्याचा एक धर्मप्रांत कोल्हापूरचा आहे. वाइल्डर मेमोरियल चर्च त्या पहिल्या मिशनऱ्याच्या नावाने उभे आहे. उपासना मराठीत होते, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने पेटीवर गायली जातात, आणि नाताळात ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे करंज्यांचे ताट जाते.