चव्वेचाळीस नंबरचा एर्नी डेव्हिस

अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचं ४४ या आकड्याशी असं नातं आहे की त्याचा पिनकोडसुद्धा १३२४४ आहे. अमेरिकन फुटबॉलच्या (चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ) जर्सीवर हा नंबर आधी जिम ब्राउन या खेळाडूने मिरवला, पुढे फ्लॉइड लिटलने. मधल्या काळात तो एर्नी डेव्हिसच्या पाठीवर होता.

एर्नी १९३९ साली पेनसिल्व्हेनियात जन्मला. लहानपणी आजी-आजोबांकडे वाढला, मग आईकडे न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी आला. शाळेत असतानाच कॉलेजं त्याच्या मागे लागली. सिरॅक्यूजसाठी गळ घालायला खुद्द जिम ब्राउन आला होता.

तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या मुख्य संघात घेत नसत. त्यामुळे एर्नीचा पहिला हंगाम १९५९ चा. त्या हंगामात सिरॅक्यूज एकही सामना हरलं नाही. १ जानेवारी १९६० ला डॅलसमध्ये कॉटन बोल हा हंगामानंतरचा मानाचा कॉलेज सामना झाला. समोर टेक्सास विद्यापीठ, आणि त्यांच्या संघात सगळे गोरे. सुरुवातीलाच एर्नीने पास झेलून ८७ यार्डांचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेला. मैदान एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत १०० यार्डांचं, म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान! सिरॅक्यूज २३-१४ ने जिंकलं, सामनावीर एर्नीच. पण बक्षीस समारंभाआधी त्याला निरोप मिळाला: बक्षीस घ्यायचं आणि निघायचं. त्या जागी काळ्यांना बसू देत नसत.

तीन हंगामांत त्याने चेंडू घेऊन २,३८६ यार्ड धाव घेतली. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी १९३५ पासून दिली जात होती. ती मिळवणारा पहिला काळा खेळाडू १९६१ चा एर्नी. ट्रॉफी घ्यायला न्यूयॉर्कला गेला तेव्हा अध्यक्ष केनेडींनी त्याची भेट घेतली.

पुढची गोष्ट निव्वळ खेळाची नाही. व्यावसायिक लीगमध्ये काळा खेळाडू नसलेला एकच संघ उरला होता, वॉशिंग्टनचा. मालक जॉर्ज मार्शल हट्टाला पेटलेला. पण संघाचं नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं, आणि मंत्री स्टुअर्ट उडाल यांनी तिथेच बोट ठेवलं. मार्शलने नमतं घेतलं आणि संघांनी नवे खेळाडू निवडायच्या वेळी पहिलीच निवड एर्नीची केली. मग बॉबी मिचेल आणि लिरॉय जॅक्सन यांच्या बदल्यात त्याला क्लीव्हलँडच्या संघाला देऊनही टाकलं. वॉशिंग्टनची रंगाची भिंत मोडली ती मिचेल वगैरेंच्या पायांनी.

१९६२ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या सराव शिबिरात एर्नी आजारी पडला. निदान रक्ताच्या कर्करोगाचं झालं. मध्ये जरा बरं वाटलं, क्लीव्हलँडच्या मालकाला तो मैदानात हवा होता, पण प्रशिक्षक पॉल ब्राउन ठाम नाही म्हणाले. या वेळी मला प्रशिक्षकांचंच पटतं. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या स्टेडियमवर प्रेक्षकांनी त्याला प्रकाशझोतात पाहिलं, तेवढंच.

१८ मे १९६३ ला तो गेला, वय २३. एल्मायरात ज्या दफनभूमीत मार्क ट्वेन आहे, तिथेच तो आहे. क्लीव्हलँडने त्याच्यासाठी ठेवलेला ४५ नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. तो घालून एर्नी एकही सामना खेळला नव्हता.