पुणे ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर तेच, तास वेगळे

पृथ्वीच्या गोलावर मोजलं तर पुणे ते सॅन फ्रान्सिस्को अंतर साधारण १३,५०० किलोमीटर भरतं. कोथरूड-बाणेरहून मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा मात्र विचारतात ते तास. तेच बरोबर आहे, कारण गेल्या पाऊणशे वर्षांत बदलत आले ते तासच.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा कैरो आणि जिनिव्हाला थांबावं लागलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आलं आणि त्याच वर्षी सेवा न्यूयॉर्कपर्यंत पोचली. भारतातून सॅन फ्रान्सिस्कोला विनाथांबा जाण्यासाठी मात्र डिसेंबर २०१५ उजाडावा लागला, तोही दिल्लीहून.

पुढच्याच वर्षी एक विलक्षण गोष्ट घडली. अटलांटिकवरून जाणारं हे विमान पॅसिफिकवरून नेऊ लागले. वाट सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेली, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोचलं! पृथ्वीच्या फिरण्यामुळे असं होतं, असं अनेकांना वाटतं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरं कारण म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे. ते पाठीशी आले की वेळ वाचतो, समोरून आले की वाढतो.

आकाश कोणासाठी खुलं आहे, यावरही तास ठरतात. २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, काहींना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं.

पुणेकरांची अडचण मात्र जमिनीवरच सुरू होते. पुण्याचा लोहगाव विमानतळ म्हणजे १९३९ पासूनचा हवाई दलाचा तळ. धावपट्टी अडीच हजार मीटरच्या आसपास, समुद्रसपाटीपासून उंची जवळपास सहाशे मीटर. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, उड्डाणाला जास्त लांब धाव लागते. अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेलं मोठं विमान इथून उडवणं म्हणूनच अवघड. २००८ मध्ये लुफ्थान्साने फ्रँकफर्टची सेवा सुरू केली, तीही छोट्या बोइंग ७३७ ने. ती पुढे बंद पडली. त्यामुळे अमेरिकेचा प्रवास बहुधा घाट उतरून मुंबईहून, नाहीतर दिल्ली किंवा आखातात विमान बदलून होतो. मुंबईमार्गे गेलं की द्रुतगती मार्ग आणि विमानतळावरची वाट पाहणं मिळून अर्धा दिवस सहज जातो. विमानाच्या वेळापत्रकात हे तास दिसत नाहीत, पण सत्तरीतल्या गुडघ्यांना ते नक्की जाणवतात.

पुरंदरच्या विमानतळाची मागणी यातूनच पुढे आली. २०१६ मध्ये जागा जाहीर झाली, पण अंजीर-सीताफळाच्या बागा असलेल्या सात गावांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. पुण्याला मोठी धावपट्टी हवीच, असं मला मनापासून वाटतं. पण ज्यांची जमीन जाणार, त्यांच्याशी आधी नीट बोलणी व्हायला हवीत.