सीएफ दाबल्यावर ८०८५ जातंय कुठं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या पोरांनी डिप्लोमाला ८०८५ या जुन्या प्रोसेसरचा सरावाचा किट बडवलाय त्यांना आठवत असेल, प्रोग्रॅमच्या शेवटी सर सीएफ नाहीतर ईएफ हा हेक्समधला (१६ च्या पायाचा) कोड टाकायला लावायचे, जसा किट तसं, आणि का टाकायचं हे व्हायवा होईस्तोवर कोण विचारत नव्हतं.

सीएफ म्हणजे आरएसटी १, रीस्टार्ट नावाची इन्स्ट्रक्शन. साधी जंप काय करते, तर प्रोग्रॅम काउंटरमध्ये, म्हणजे पुढची इन्स्ट्रक्शन कुठं आहे ते धरून ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, नवा पत्ता भरते आणि मागचं सगळं विसरते. कॉल विसरत नाही, परतीचा पत्ता स्टॅकवर (रॅममधली तात्पुरती ठेवायची जागा) ठेवून मग जातो. आरएसटी हा कॉलच, फक्त पत्ता वेगळा द्यायला लागत नाही, त्या बाइटमधल्या ३ बिटांत ० ते ७ नंबर असतोय त्याला ८ नं गुणलं की झाला पत्ता, म्हणजे सीएफ दाबला की प्रोसेसर ०००८ ला. कॉलला ३ बाइट आणि क्लॉकचे १८ ठोके लागतात, याला १ बाइट आणि १२. ही काटकसर इंटरप्टसाठी, म्हणजे चालू काम थांबवायला बाहेरनं येणाऱ्या हाकेसाठी, बाहेरच्या सर्किटला डेटा बसवर एकच बाइट ठेवून काम भागवता यायचं. दोन पत्त्यांत जागा मात्र ८च बाइट, म्हणून तिथं बहुतेकदा नुसती जंप लिहून खरा प्रोग्रॅम दुसरीकडं ठेवतात.

खरी गंमत एफएफची, म्हणजे आरएसटी ७ ची, पत्ता हेक्समध्ये ००३८. आता कोरी ईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅम भरून ठेवायची चिप, वाचली तर प्रत्येक बाइट एफएफच येतो बघा! अशी चिप चुकून कार्डावर बसवली की प्रोसेसर ०००० वरनं थेट ००३८ ला, तिथं परत एफएफ, परत ००३८, आणि दरवेळी स्टॅकवर ००३९ ढकलत स्टॅक २-२ बाइट खाली सरकत अख्ख्या रॅममध्ये ३९ ००, ३९ ०० भरून टाकतंय. ६४ के पुसायला ३२,७६८ फेरे, ३ मेगाहर्ट्झला सेकंदाचा सातवा भागसुद्धा पुरे की. क्लॉक चालू, अ‍ॅड्रेस लाइनी हलतायत आणि कार्ड मुकं, म्हणून लोक चांगला प्रोसेसर काढून फेकतात. रॅममध्ये ३९ ०० ची रांग दिसली तर आधी ईप्रॉम बघावी.

१ बाइटचा दुसरा फायदा ब्रेकपॉइंटला, म्हणजे प्रोग्रॅम मधेच थांबवून बघायच्या जागेला. कुठल्याही इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट काढून तिथं आरएसटी ठेवता येतो, शेजारचं काय बिघडत नाही, ३ बाइटचा कॉल ठेवला असता तर पुढची इन्स्ट्रक्शन तुडवली गेली असती. ८०८६ प्रोसेसरमध्ये आयएनटी ही प्रोग्रॅममधनंच इंटरप्ट द्यायची इन्स्ट्रक्शन, बाकीचे आयएनटी २ बाइटचे असूनसुद्धा आयएनटी ३ ला सीसी हा १ बाइटचा कोड दिलाय तो याच्यासाठीच, आणि आजच्या पीसीवरचे डिबगर (चुका शोधायचे प्रोग्रॅम) पण ब्रेकपॉइंटला तोच सीसी टाकतात.