बदला आणि फ्युचर्स: सट्टा तोच, मग फरक कुठे?

'फ्युचर्स म्हणजे कायद्यात बसवलेला बदला,' असं दलाल स्ट्रीटवरचे जुने लोक अजूनही म्हणतात. फ्युचर्स म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेसाठी आजच भाव ठरवून केलेला सौदा; बदला म्हणजे शेअर बाजारात उधारीवर सौदा पुढे ढकलायची जुनी पद्धत. म्हणणं निम्मं खरं आहे. पूर्ण पैसे न भरता मोठा सौदा उभा करायची सोय दोन्हींत असते. पण समोरच्याने पैसे बुडवले तर ते भरणार कोण, हे विचारलं की दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात.

आधी बदला. मुंबई शेअर बाजारात तेव्हा आठवड्याचं वलण, म्हणजे सौद्यांचा हिशोब मिटवायचा दिवस, असायचा. समजा, तुम्ही ५०० रुपयांचे १०० शेअर घेतले. वलणाला ५०,००० रुपये भरायचे, खिशात तेवढे नाहीत, आणि विकायचंही नाही. मग शनिवारी बदल्याच्या सत्रात एखादा फायनान्सर तुमच्या जागी पैसे भरायचा आणि त्यावर व्याज घ्यायचा. हे व्याज म्हणजेच बदला. सौदा 'हवाला भावा'ने, म्हणजे बाजाराने त्या वलणासाठी ठरवलेल्या भावाने, पुढच्या वलणात जायचा. मधल्या काळात भाव पडला असेल तर तेवढा फरक भरायचा, चढला असेल तर घ्यायचा. तेजीवाल्यांची, म्हणजे भाव चढेल म्हणून घेणाऱ्यांची, गर्दी झाली की बदल्याचा दर चढे. आणि भाव पडेल म्हणून हातात नसलेले शेअर विकणाऱ्या मंदीवाल्यांनी इतकं विकून ठेवलं असेल की द्यायला शेअरच नाहीत, तर उलट त्यांनाच पैसे मोजावे लागत. तो उंधा बदला.

डोकं लढवून केलेली व्यवस्था होती, यात वाद नाही. गोची अशी, की हे सगळं रोखीच्या बाजारातच, म्हणजे शेअर खरोखर घेतले-दिले जातात तिथेच, चाले. घेणाऱ्याला शेअर हवेत की नुसता भावातला फरक, हे सौद्यावरून कळत नसे. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, तोकडं, वसुलीचा भार दलालावर. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने डिसेंबर १९९३ मध्ये बदल्यावर बंदी आणली, दोनएक वर्षांनी नियम कडक करून तो परत येऊ दिला. मग २००१ आलं. केतन पारेख या बड्या शेअर दलालाच्या लाडक्या शेअर्सचे भाव कोसळले, मार्चमध्ये कलकत्ता शेअर बाजारातल्या काही दलालांना पैसे भरता आले नाहीत, आणि २ जुलै २००१ पासून बदला बंद झाला तो कायमचा.

निर्देशांकाचे फ्युचर्स त्याआधी वर्षभर, जून २००० मध्येच सुरू झाले होते. शेअर्सचे आले नोव्हेंबर २००१ मध्ये. इथे बाजारच वेगळा, मुदत ठरलेली, आणि व्याज भावातच धरलेलं. प्रत्येक सौद्याच्या मध्ये दोन्ही बाजूंना हमी देणारी संस्था, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, उभी असते, त्यामुळे समोरचा कोण याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. ५०० शेअरचा लॉट, म्हणजे ठरलेला गठ्ठा, घेतलात आणि भाव १० रुपयांनी पडला, तर ५,००० रुपये त्या दिवसाच्या हिशोबातच वजा. आठवडाभर थांबायचं नाही. मार्जिन कमी पडलं आणि भरलं नाही, तर दलाल स्वतःच सौदा बंद करून मोकळा होतो.

नियमनाने इथे आपलं काम चोख केलं: एकाच्या बुडण्याने बाजार अडू नये. बुडणारा बुडू नये, ही हमी कुणी दिलेलीच नव्हती. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क, बंधन नव्हे) उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. त्यानंतर सेबीने निर्देशांकाच्या नव्या कॉन्ट्रॅक्टचं किमान मूल्य १५ लाख केलं आणि साप्ताहिक मुदतीचे कॉन्ट्रॅक्ट प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले.

माझ्या मते बदल्याशी खरं नातं शोधायचं तर फ्युचर्सपेक्षा ब्रोकरच्या अ‍ॅपवरच्या एमटीएफ, म्हणजे मार्जिन ट्रेडिंगकडे पाहावं. तिथे शेअर खरोखर घेतले जातात, काही पैसे तुमचे, बाकीचे ब्रोकरचे, आणि व्याजाचं मीटर रोज चालू. शनिवारच्या सत्रात दर मागणीप्रमाणे ठरे; इथे तो ब्रोकर ठरवतो, शेअर तारण राहतात, आणि कुणाला किती उधार दिलं हे एक्स्चेंजला कळवावं लागतं.