थेंब कुठून गळतो: जुन्या गाडीच्या वॉटर पंपाची पार्श्वभूमी

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी तो उजेडात नेऊन बघायचा, ही जुनी फियाट पाळणाऱ्यांची सवय. काळा, चिकट डाग म्हणजे तेल. पण पंख्याच्या बरोबर खाली तांबूस कडेचा ओला गोल दिसला, तर वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा पंप. आमच्या १९६८च्या फियाट ११००खाली गेल्या उन्हाळ्यात असाच गोल उमटू लागला. गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात झाले: "वॉटर बॉडी गेली, नवीन टाका." वॉटर बॉडी म्हणजे हाच पंप.

थेंब पडत होता ती जागा मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. पंपाचा शाफ्ट बाहेर पट्ट्यावर फिरतो आणि आत पाण्यात इंपेलर, म्हणजे पाण्याला ढकलणारे पात्यांचे चाक, फिरवतो. म्हणजे भिंतीला भोक हवे, त्यातून फिरता दांडा जायला हवा, आणि पाणी मात्र आतच राहायला हवे. वॉटर पंपाचा इतिहास मोठ्या प्रमाणात या एका भोकाचा इतिहास आहे.

सुरुवातीच्या गाड्यांनी हे भोक पाडलेच नाही. कार्ल बेंझ यांच्या १८८६च्या तीनचाकीत सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जायचे आणि उडाले तेवढे पुन्हा ओतायचे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा त्यांना वाटेत ठिकठिकाणी पाणी भरत जावे लागले.

इंजिनाची ताकद वाढली तसे हे पुरेना. विल्हेल्म मायबाख यांनी १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात चौकोनी तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या होत्या. हवेला इतका पृष्ठभाग मिळाल्यावर ९ लिटर पाण्यात काम भागू लागले, पण तेवढे थोडे पाणी सतत फिरते ठेवणे भाग होते, आणि ते काम पंपाकडे आले.

पंप ही कल्पना मोटारीपेक्षा फार जुनी. डेनिस पापँ यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सरळ पात्यांचा अपकेंद्री, म्हणजे पाणी फिरवून बाहेरच्या बाजूला फेकणारा, पंप केला होता. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्ड यांनी पाती वाकवली की पंप किती जास्त पाणी उचलतो हे दाखवले. किर्लोस्करवाडीच्या ज्या पंपांनी आपल्याकडच्या विहिरींवरची मोट उतरवली, तेही याच कुळातले. गाडीतला वॉटर पंप हा त्यांचा धाकटा भाऊ. विहिरीवरचा पंप पाणी उंच चढवतो, हा फक्त गोल फिरवत राहतो.

तरीही फोर्डने पंप काढून टाकला. १९०८च्या मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांना पंप होता; त्यानंतर कंपनी थर्मोसायफनवर गेली. गरम पाणी हलके होऊन रेडिएटरच्या वरच्या टाकीत चढते, गार झालेले जड होऊन खालून इंजिनात परत येते. पंप नाही, शाफ्ट नाही, भोक नाही, गळती नाही. २० अश्वशक्तीच्या, निवांत फिरणाऱ्या इंजिनाला एवढे पुरेसे होते आणि मला हा निर्णय आजही फार शहाणपणाचा वाटतो. त्याची अट एकच: पाण्याची पातळी वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाखाली गेली की फिरणे बंद. शिवाय रेडिएटर उंच ठेवावा लागतो. बॉनेट बुटके झाले, चढावर जास्त ताकद मागितली जाऊ लागली, आणि नुसते उष्णतेच्या जोरावर फिरणारे पाणी कमी पडू लागले.

१९२७च्या डिसेंबरात आलेल्या ४० अश्वशक्तीच्या मॉडेल एवर पंप परत आला, आणि त्याच्याबरोबर ते भोकही. ते बुजवायला होती ग्लँड दोरी. शेतावर पंप चालवलेल्या माणसाला ती वेगळी सांगायला नको: शाफ्टभोवती दोरीचे वेढे, वरून आवळायचे नट. सैल राहिले तर पाणी धावते, जास्त आवळले तर दोरी शाफ्टच खाते आणि मग कितीही आवळा, गळती थांबत नाही. अधूनमधून थेंब पडणे हे या रचनेत धरूनच चाललेले असते. त्यामुळे खरोखरच्या व्हिंटेज गाडीचा, म्हणजे १९३०पर्यंतच्या गाडीचा पंप थोडा ओला दिसला म्हणून लगेच उतरवू नये.

दोरीची जागा पुढे सीलने घेतली. कार्बनची एक कडी, मागे स्प्रिंग आणि रबर. स्प्रिंग ती कडी एका गुळगुळीत तोंडावर दाबून धरते. दोन्ही तोंडे इतकी सपाट की त्यांच्यामध्ये पाण्याचा केवळ पापुद्रा राहतो, आणि तोच वंगणाचे काम करतो. आवळायला काही नाही. सील झिजले तर पाणी शाफ्टला पेलणाऱ्या बेरिंगमध्ये शिरू नये म्हणून पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. पुठ्ठ्यावरचा गोल तिथून येतो.

फियाट ११०० ही या सीलच्या काळातली गाडी. १०८९ सीसी इंजिनाचे हे मॉडेल इटलीत १९५३ साली आले आणि वर्षभरात कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. पहिली 'डुक्कर' फियाट, मग डिलाइट, १९७४पासून पद्मिनी. अंगावरचा पत्रा बदलत गेला, मुळातले इंजिन तेच राहिले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांनी रस्त्यावरून उतरली. तोवर शहरातल्या कितीतरी हातांना हा पंप डोळे मिटून उघडता येत होता. टॅक्सी गेल्या तसे ते हातही पांगले.

आमचा पंप उघडला तेव्हा पोटाखालचे छिद्र सापडेना. पूर्वी कोणीतरी गळती 'बंद' करण्यासाठी ते एपॉक्सीने बुजवले होते. पाणी बेरिंगमध्ये गेले, ग्रीस धुऊन निघाले, शाफ्ट डुलू लागला आणि डुलत्या शाफ्टने सील खाल्ले. कार्बनवर नखाला लागेल अशी चर होती. समोरच्या तोंडावर गंजाचे खड्डे, कारण वर्षानुवर्षे त्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी पडत आलेले. पंप आणि डायनॅमो फिरवणारा पट्टाही गरजेपेक्षा घट्ट होता, त्याचा ताणही बेरिंगवरच.

नवा पंप मी घेतला नाही. बाजारात मिळाला त्याचा इंपेलर जुन्यापेक्षा बुटका होता. पाती आणि भिंत यांच्यातली फट वाढली की आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू चालू असताना, पाणी कमी फिरते, आणि जुनी गाडी तापते ती सिग्नललाच. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, ती मूळ रूपात राखलेली असावी या अटीवर. पंप बदलल्याने नोंदणी अडत नसेलही. मला मात्र कुर्ल्याचे ओतीव काम टाकून द्यायचे नव्हते. पुण्याच्या नाना पेठेतून बेरिंग आणि सील आणले. लेथवाल्या काकांनी तोंड घासून आरशासारखे केले, इंपेलर प्रेसवर बसवताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट तीनदा तपासली आणि छिद्र तारेने मोकळे केले.

पहिल्या दिवशी त्यातून दोन थेंब आले. "तोंडं एकमेकांवर बसू देत, मग थांबेल," काका म्हणाले. आता रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट आहे, पट्टा अंगठ्याने दाबला की थोडा दबतो, आणि पुठ्ठा तिसऱ्या दिवसापासून कोरडा आहे.