नदी-तलाव श्रमदान, नागपूर

नागपूर शहरातील नद्या, तलाव, टेकड्या आणि झाडोरा जपण्यासाठी नागरिकांनी एकत्र येऊन, मोबदला न घेता केलेले काम. काठावरची सफाई, रोपे लावून ती जगवणे, पाण्याची तपासणी, पक्ष्यांची आणि झाडांची मोजदाद, विसर्जनाच्या दिवसांत मूर्ती व निर्माल्य वेगळे घेणे, वृक्षतोडीवर नजर ठेवणे, हे सगळे त्यात येते. बोलताना याला सरसकट ‘श्रमदान’च म्हणतात. विदर्भात हा शब्द मुरलेला आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनाआधी गाव झाडायला घेत, आणि तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीवर भजन म्हणता म्हणता सामुदायिक श्रमाचे मोल पटवून देत. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून महाविद्यालयीन मुलेही या कामात उतरली. आजच्या रविवार सकाळच्या मोहिमा याच वळणाच्या आहेत, फक्त गावाच्या जागी वॉर्ड आला आहे.

शहरातून तीन नद्या वाहतात : नाग, पिवळी आणि पोरा. नाग नदी पश्चिमेला लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते आणि अंबाझरी तलावाच्या सांडव्यातून शहरात शिरते. पंचशील चौक, मोक्षधाम, अशोक चौक, जगनाडे चौक असा वस्तीचा गाभा पार करून ती पारडीकडे जाते. पिवळी नदी उत्तरेकडून, गोरेवाडा तलावाकडून येते आणि शहराच्या पूर्वेला नागेला मिळते. शहराला नाव नागेने दिले, तरी त्याच शहरात आज बहुतेक लोक तिला ‘नाला’ म्हणतात. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या मुलाला ही नदी आहे हे सांगावे लागते. म्हणूनच इथल्या अनेक मोहिमांची सुरुवात नदीचे नाव नीट सांगण्यापासून होते. ही किरकोळ बाब वाटेल, पण नाल्यात कचरा टाकताना कुणाचा हात अडखळत नाही.

नागेचे पाणी काळे होण्याचे मुख्य कारण सांडपाणी आहे, काठावरचा कचरा नव्हे. त्यामुळे श्रमदानाने नदी स्वच्छ होईल असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. सांडपाणी अडवून शुद्ध करण्यासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला असून डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. भांडेवाडी येथे सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि ते पाणी कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांना पुरवले जाते. उन्हाळ्यात पात्रातला गाळ काढण्यासाठी महानगरपालिका पोकलेन लावते. ही कामे यंत्रांची आणि पैशांची आहेत. माणसांच्या हातांना जमते ते काठावर, तलावाच्या कडेला आणि नदीला येऊन मिळणाऱ्या छोट्या नाल्यांच्या तोंडाशी.

तिथे काय सापडते याची यादी जवळजवळ ठरलेली असते : दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, फुटक्या कुंड्या, देवाच्या तसबिरी, फाटक्या गोधड्या. पण नागपूरची खास खूण म्हणजे खर्ऱ्याची पन्नी. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यात घोटून खर्रा तयार होतो आणि त्याच पन्नीत गाठ मारून हातात पडतो. खाऊन झाला की पन्नी जिथल्या तिथे सुटते. ती इतकी पातळ असते की ओल्या मातीला चिकटून बसते. झाडूने निघत नाही, हातमोज्याच्या जाड बोटांनाही सापडत नाही, नखाने उचलावी लागते. पानठेल्याच्या मागच्या दहा पावलांत पोत्याचा तळ भरावा इतक्या पन्न्या निघतात. पावसाचे पहिले पाणी त्यांना गटाराच्या जाळीवर नेऊन बसवते आणि पुढचा कचरा त्यांच्यावर थर धरतो. म्हणून सफाईनंतर ठेलेवाल्याशी पाच मिनिटे बोलून त्याच्याकडे झाकणाचा डबा ठेवून येणे हे शंभर पन्न्या उचलण्याहून उपयोगी ठरते. जुने कार्यकर्ते हे न चुकता करतात.

एक नियम सर्वांनी पाळायलाच हवा. नागेच्या प्रवाहात स्वयंसेवकाने उतरू नये. त्या पाण्यात मैला असतो, काचा असतात, सुया असतात. मुलांना घोट्याएवढ्या काळ्या पाण्यात उभे करून छायाचित्रे काढण्याचा प्रकार ताबडतोब थांबला पाहिजे. याच शहराचे सफाई कामगार रोज तोच कचरा उचलतात, अनेकदा पुरेशा साधनांविना. ज्या मोहिमेत त्या भागाच्या कामगारांना आधी विचारले जाते, की गाडी किती वाजता येते, पोती कुठे ठेवायची, ओले-सुके कसे वेगळे करायचे, तिथले काम टिकते. न विचारता केलेल्या मोहिमेची पोती दोन दिवस काठावरच पडून राहतात, कुत्री ती फाडतात आणि कामगारांचे काम दुप्पट होते.

तलावांवरचे काम वेगळे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव आणि जुन्या वस्तीतला शुक्रवारी तलाव म्हणजेच गांधीसागर, असे अनेक तलाव शहरात आहेत. गणेशोत्सवात महापालिका ठिकठिकाणी कृत्रिम टाक्या उभारते. तलावाच्या काठी उभे राहून भाविकांना त्या टाक्यांकडे वळवणे हे स्वयंसेवकांचे सर्वांत नाजूक काम आहे. घरच्या गणपतीला निरोप देताना डोळे भरलेल्या आजींना प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही हे शास्त्र ऐकवून भागत नाही. ‘आजी, आरती इथंच करू, मग मी स्वतः बाप्पांना हळूच टाकीत सोडतो,’ असे म्हणणारा मुलगा अधिक मूर्ती वळवतो.

पाण्याची तपासणी हा त्याचाच पुढचा भाग. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नागपूरकरांची ‘नीरी’, १९५८ पासून याच शहरात आहे. पण साध्या किटने शाळकरी मुलेही तलावाची प्रकृती पाहू शकतात. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. मग मोठ्यांच्या देखरेखीत दोन रसायनांचे थेंब सोडून बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट करायची. आत तपकिरी साका धरला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर नाही. पांढरी बाटली हातात धरलेल्या मुलाला आणखी काही समजावावे लागत नाही. यात मासे कसे राहतात, हे तो स्वतःच विचारतो. पाण्याचा गढूळपणा पाहण्यासाठी काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात आणि ती दिसेनाशी होते तेवढी खोली मोजतात. विसर्जनाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा मोजणी केली, तरच तिला अर्थ येतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे या सगळ्याकडे पाहण्याची नजर बदलली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागेचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरले. मोरभवन बसस्थानकातल्या गाड्या पाण्यात गेल्या, माणसेही दगावली. नदीचे पात्र किती अरुंद झाले आहे, सांडव्यासमोर काय उभे आहे, काठावर कोणी किती बांधले, हे प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. त्यानंतर नाल्याचे तोंड मोकळे ठेवणे ही निव्वळ हौशी कार्यकर्त्यांची बाब राहिली नाही. पावसाळ्याआधी आपल्या गल्लीतल्या नाल्याचा फोटो काढून महापालिकेच्या झोन कार्यालयात तक्रार देणे आणि ती निकाली निघेपर्यंत तिचा पाठपुरावा करणे, हेही श्रमदानच मानले पाहिजे.

झाडांच्या बाबतीत नागपूरची खरी परीक्षा मे महिन्यात असते. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कोवळी मुळे त्या भेगांत उघडी होतात. जुलैत वन महोत्सवात लावलेले रोप पुढचे दोन उन्हाळे पाणी मिळाले तरच उभे राहते. म्हणून वृक्षारोपणाचा हिशोब लावलेल्या रोपांवर न मांडता तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये जिवंत असलेल्या रोपांवर मांडावा. आळ्यात वाळके गवत आणि पालापाचोळा पसरणे, संध्याकाळी पाणी घालणे, आधाराची काठी सैल करत राहणे, इतकेच हे काम आहे आणि ते कंटाळवाणे आहे. नदीकाठासाठी अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ योग्य. माळासाठी कडुलिंब, पळस, मोह. गुलमोहर दिसायला देखणा, पण वादळात लवकर कोसळतो. अंबाझरी जैवविविधता उद्यानासारख्या साडेसातशे हेक्टरांच्या परिसरात तर सगळीकडे झाडे लावण्याची घाईही नको. तिथले गवताळ माळ हाच अनेक पक्ष्यांचा निवारा आहे, आणि उन्हाळ्यात त्या गवताला आग लागू नये यासाठी माणसे हवी असतात.

उभी झाडे वाचवणे हाही याच कामाचा भाग. २०२१ मध्ये अजनी परिसरातील हजारो झाडे प्रस्तावित आंतर-वाहतूक (रेल्वे, बस, मेट्रो एकाच जागी) स्थानकासाठी तोडली जाणार म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयातही गेले. ‘अजनी वन’ हे नाव त्या काळात घराघरांत पोहोचले. मुलांना झाडाचा घेर मोजायला, त्याचे नाव वहीत लिहायला शिकवणे अशा वेळी कामी येते, कारण नोंद नसलेले झाड कागदावर नसतेच.

नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ तारखेदरम्यान पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचे हे दिवस. चितमपल्ली दीर्घकाळ नागपुरात राहिल्याने शहराला त्याची विशेष आपुलकी. भल्या पहाटे दुर्बिणी घेऊन अंबाझरी आणि गोरेवाड्याच्या काठी जमणाऱ्यांत निवृत्त कारकून असतात, शाळेची मुले असतात, आणि काही न बोलता तासभर एकाच जागी उभे राहणारे लोकही असतात.

या मोहिमा बहुधा शहराच्या हद्दीपर्यंतच जातात. नाग नदी मात्र पारडीनंतर कुही तालुक्याच्या शेतांतून वाहत कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला. अंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम मानतात, महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. पुढे ते पाणी गोसेखुर्द धरणात साठते. काठावरच्या गावांतले शेतकरी, मासेमार आणि यात्रेकरू यांचा शहरातल्या श्रमदानाशी अजून फारसा संबंध आलेला नाही. तो यायला हवा, आणि त्यासाठी नागपूरच्या कार्यकर्त्यांनी एखाद्या रविवारी पोती-झाडू घरी ठेवून, फक्त तपासणीची बाटली सोबत घेऊन, नदीच्या बाजूबाजूने कुहीपर्यंत जाऊन तिथल्या लोकांचे म्हणणे ऐकले पाहिजे.